गाईड विद्यापीठ बदलताहेत: सोबत जायचं, थांबायचं की गाईड बदलायचे?

परिशिष्ट (धागाकर्ती)

पीएचडी अर्ध्यावर असताना गाईड दुसऱ्या विद्यापीठात निघाले तर काय करायचं, याची उत्तरं इथे तुकड्यातुकड्यांत विखुरलेली आहेत. ती एका जागी यावीत म्हणून हा धागा.

चर्चेला आधार म्हणून एक काल्पनिक विद्यार्थी धरू. तिसरं वर्ष चालू, कोर्सवर्क संपलेलं, क्वालिफायर (प्रबंधाचं काम सुरू करण्याआधीची विभागाची पात्रता परीक्षा) पार, एक पेपर छापलेला, दुसऱ्याचा निम्मा डेटा हातात. गाईड म्हणतात, "आठ महिन्यांनी मी जातोय, तू येतोस का?"

एक विनंती. "माझ्या वेळी असं झालं" हे दुसरीकडे लिहू. इथे नियम, पायऱ्या आणि गाडी नेमकी कुठे अडते तेवढंच.

---

खर्डा

"जाऊ की राहू" याआधी तीन वेगळे प्रश्न विचारायचे. पदवी कोण देणार? पैसे कोण देणार? काम कुठे बसून होणार? ही तीन उत्तरं एकाच विद्यापीठाशी जुळलेली असतात तोवर कुणाच्या लक्षात येत नाही की ती तीन आहेत. गाईड हलले की ती सुटी होतात. मग पर्याय असे पडतात:

१) नोंदणी, पैसे, काम, तिन्ही जुन्या जागी. गाईड दुरून मार्गदर्शन करतात, कागदावर एक स्थानिक गाईड असतो.

२) तिन्ही नव्या जागी. नव्याने प्रवेश, नव्याने नोंदणी.

३) नोंदणी जुन्या जागी, काम नव्या जागी. तिकडे तुम्ही व्हिजिटिंग स्टुडंट, पदवी जुन्याच विद्यापीठाची. पैसे कुठूनही येऊ शकतात, आणि भांडण नेमकं तिथेच होतं.

४) गाईड बदलायचे. विषय थोडा किंवा पूर्ण बदलतो.

५) मास्टर्स घेऊन बाहेर पडायचं.

लोक पहिल्या दोनांतच अडकतात. खरं तर ज्याचं काम बरंचसं झालंय त्याला तिसरा पर्याय सगळ्यात सोयीचा, आणि तो कुणी आपणहून सुचवत नाही, कारण दोन्हीकडच्या कार्यालयांना त्यात जास्तीचं काम पडतं.

यातला कुठला, हे बऱ्याच अंशी उरलेल्या महिन्यांवर ठरतं. ते महिने स्वतःच्या मनाने मोजू नका. प्रत्येक प्रकरणात कुठला प्रयोग, कुठलं विश्लेषण, कुठलं लेखन बाकी आहे ते लिहा, पुढे महिने टाका आणि तो कागद प्रबंधावर देखरेख करणाऱ्या कमिटीतल्या अशा सदस्याला दाखवा ज्याचा तुमच्या गाईडच्या जाण्याशी काही संबंध नाही. तो जो आकडा सांगेल तो धरा.

बारा महिन्यांच्या आत असाल तर नोंदणी हलवू नका, मग काम कुठेही होवो. क्वालिफायर अजून व्हायची असेल तर हलणं स्वस्त पडतं, आणि गाईड बदलणंही स्वस्त पडतं. दोन्ही मनापासून तपासा. मधले, म्हणजे परिशिष्ट यांच्या उदाहरणातले, यांचीच खरी कोंडी. त्यांच्यासाठी खाली बाकीचे लिहितीलच.

---

उंबरठा

नोंदणी हलवली तर नेमकं काय बुडतं? कोर्सवर्क आणि क्वालिफायर धरतात ना पुढे?

---

खर्डा

"धरतात" हे तोंडी उत्तर असतं. लेखी उत्तर बहुधा असं येतं: अमुक क्रेडिट मान्य, तमुक नाहीत, क्वालिफायर पुन्हा. बऱ्याच विभागांत बाहेरच्या क्रेडिटना कमाल मर्यादा असते, आणि क्वालिफायर ही विभागाची स्वतःची परीक्षा असल्यामुळे ती दुसऱ्याची चालवून घ्यायला ते नाखूश असतात. शिवाय रेसिडेन्सीची अट असते, म्हणजे पदवीआधी इतक्या सत्रांची नोंदणी त्यांच्याकडे झालेली हवी. सगळं माफ झालं तरी ही अट सहसा माफ होत नाही.

आणि एक: गाईड "ये" म्हणाले म्हणजे प्रवेश मिळाला असं नाही. अर्ज, शिफारसपत्रं, गुणपत्रकं, प्रवेश समिती, सगळं असतं. गाईड तिथे नवे आहेत, समितीत त्यांचं वजन अजून तयार व्हायचंय.

मागायचा तो कागद एकच. नव्या विभागाच्या ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरचं (पीएचडी विद्यार्थ्यांचं प्रशासन पाहणाऱ्याचं) पत्र किंवा ईमेल, ज्यात मान्य क्रेडिटची यादी, क्वालिफायरचा निर्णय, किमान सत्रं आणि पदवीची कमाल मुदत कधीपासून मोजणार, हे चारही मुद्दे असतील. हे हातात येईपर्यंत जुन्या जागचा राजीनामा नाही. जुन्या विभागात मधली मास्टर्स पदवी मिळण्याची सोय असेल तर तिचा फॉर्मही नोंदणी रद्द व्हायच्या आधीच भरायचा. नंतर तुम्ही त्यांचे विद्यार्थीच नसता.

---

उणे_ऐंशी

प्रयोगशाळेचं काम असणाऱ्यांसाठी लिहितो. "लॅब हलवायला दोन महिने" हे वाक्य ऐकू आलं की त्याला तीनने गुणा. सहा महिने ते वर्षभर नवा डेटा येणार नाही असंच धरून चाला. का, ते सांगतो.

जागा: नव्या प्राध्यापकाला दिलेली खोली बहुधा दुरुस्तीत असते. फ्यूम हूड (घातक वाफा ओढून घेणारं कपाट), वीजभार, गॅसच्या लाइन, सुरक्षेची तपासणी. गाईड रुजू होतात ती तारीख आणि खोली वापरात येते ती तारीख यांचा संबंध नसतो. विचारायचं दुसऱ्या तारखेबद्दल.

उपकरणं: विद्यापीठाच्या पैशातून घेतलेली विद्यापीठाची. ग्रँटमधून घेतलेली कुणाची, ते त्या ग्रँटच्या अटींवर. म्हणजे तुमचं काम ज्या एका यंत्रावर चालतं ते सोबत येतंय का, हे मालमत्ता-यादीतला त्याचा क्रमांक काढून विचारा. "बरंचसं सामान येतंय" याला उत्तर म्हणत नाहीत. एनएमआरसारख्या (रेणूंची रचना तपासणाऱ्या) यंत्रातला अतिवाहक चुंबक असेल तर आधी त्यातली ऊर्जा उतरवायची, तापमान वर आणायचं, हलवायचं, पुन्हा द्रव हेलियमने थंड करायचं, पुन्हा ऊर्जा भरायची आणि मग शिमिंग, म्हणजे चुंबकक्षेत्र एकसारखं करणं. यात आठवडे जातात. लेझर टेबल उचलून नेता येतं, त्यावरची अलाइनमेंट (आरसे-भिंगांची अचूक जुळणी) येत नाही.

नमुने: कोरड्या बर्फाचं तापमान उणे ७८.५ अंश सेल्सिअस. जाड थर्मोकोलच्या पेटीतही दिवसाला साधारण अडीच ते साडेचार किलो उडून जातो. प्रवास दोन दिवसांचा असेल तर चार दिवसांचा भरा. पेटी कधीही हवाबंद करू नका, वायू साठून ती फुटते. विमानाने जाणार असेल तर तो धोकादायक माल आहे, वर्ग ९, यूएन १८४५, आणि तसं लेबल लागतं. द्रव नायट्रोजनमधल्या पेशींसाठी ड्राय शिपर (मोकळा द्रव न ठेवता थंडी धरून ठेवणारं भांडं) मागवा. तो मॉडेलनुसार आठवडा-दोन आठवडे टिकतो. एकच पेटी कधी पाठवू नये. प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करायचे, अर्धे आधी पाठवायचे, पोचून जिवंत आहेत हे तपासायचं, मग उरलेले.

उंदीर: हे सगळ्यात संथ. नवं प्राणिगृह बाहेरचे उंदीर थेट आत घेत नाही. विलगीकरण तरी करतं, नाहीतर भ्रूण काढून स्वच्छ मादीत रोपण करून नवी वसाहत उभी करायला लावतं. उंदराची गर्भावस्था साधारण तीन आठवडे, पिल्लू प्रजननक्षम व्हायला सहा ते आठ आठवडे. म्हणजे एक पिढी अडीच महिन्यांच्या आसपास. तुम्हाला दोन जनुकांचा संकर लागत असेल तर दोन-तीन पिढ्या. हिशेब करा, सहा-सात महिने तिथेच गेले. आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांची परवानगी नव्या संस्थेच्या समितीकडून पुन्हा घ्यायची, ती वेगळीच.

म्हणून सल्ला: जुन्या जागी लॅब चालू आहे तोवरचे महिने सोन्याचे आहेत. खोकी भरायला हात लावण्याआधी, त्याच यंत्रावर आणि त्याच वसाहतीतून जो डेटा मिळायलाच हवा तो मिळवा. निम्मा डेटा जुन्या यंत्रावर आणि निम्मा नव्यावर असला की परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतात.

---

उंबरठा

@उणे_ऐंशी, उंदरांचं गणित पाहून घामच फुटला. ज्यांचं काम लॅपटॉपवर चालतं त्यांना यातलं काहीच नाही, असं समजायचं का?

---

संदर्भसूची

नाही. त्यांना खोकी नसतात, परवाने असतात. 😐

सॉफ्टवेअरचे परवाने विद्यापीठाचे. क्लस्टरवरचं (जोडलेल्या संगणकांच्या सामायिक संचावरचं) खातं विद्यापीठाचं, आणि त्यावरच्या फाइलींचे पत्ते आत लिहून ठेवलेले तुमचे स्क्रिप्ट नव्या क्लस्टरवर पहिल्या दिवशी चालत नाहीत. ग्रंथालयाची नियतकालिकं, ऐतिहासिक संग्रहांची सदस्यत्वं, तीही विद्यापीठाची.

माणसांकडून घेतलेला डेटा असेल तर जास्त जपा. एथिक्स समितीची मंजुरी संस्थेला बांधलेली असते. संमतीपत्रावर जुन्या संस्थेचं नाव, तिचाच फोन नंबर असतो. नव्या जागी नवीन अर्ज करावा लागतो किंवा दोन समित्यांमध्ये करार व्हावा लागतो की एकीचा निर्णय दुसरी मानेल. तोवर त्या मुलाखतींवर काम केलं तर तो भाग प्रबंधातून काढायची वेळ येऊ शकते. नियंत्रित प्रवेशाचा डेटाही असाच. अमेरिकेतल्या डीबीगॅपसारख्या जनुकीय डेटाच्या भांडारात परवानगी संशोधक आणि संस्था दोघांच्या नावाने असते. संस्था बदलली की जुनी परवानगी बंद करून नवी मागायची, आणि जुन्या सर्व्हरवरच्या प्रती नष्ट केल्याचं कळवायचं.

मानव्यविद्या आणि समाजशास्त्रांत अजून एक गाठ असते. तिथे स्टायपेंड बऱ्याचदा गाईडच्या ग्रँटमधून न येता विभागातल्या शिकवण्याच्या कामातून येतो. म्हणजे गाईड गेले तरी पैसे जुन्या जागी शाबूत, आणि सोबत गेलात तर नव्या विभागात शिकवण्याची जागा मिळेल याची खात्री नाही. या विषयांत पहिला पर्याय, म्हणजे राहून दुरून मार्गदर्शन घेणं, बहुतेकांना पुरतो. प्रकरण वाचून त्यावर शेरे मारायला एकाच इमारतीत असायची गरज नाही.

---

तिसरी_दुरुस्ती

पैशाबद्दल. गैरसमज इथेच जास्त आहेत.

"गाईडची ग्रँट आहे, ते नेतील सोबत." ग्रँट बहुतेक वेळा संस्थेला मिळालेली असते, गाईड त्यावरचे प्रमुख संशोधक. ती हलवायला जुन्या संस्थेने हक्क सोडावा लागतो, मग नव्या संस्थेने अर्ज करावा लागतो, मग निधी देणारी यंत्रणा मान्यता देते. अमेरिकेच्या एनआयएचमध्ये (वैद्यकीय संशोधनाला निधी देणारी सरकारी यंत्रणा) हीच रीत आहे. यात महिने जातात आणि त्या काळात जुनं खातं गोठलेलं, नवं उघडलेलं नाही, अशी फट पडते. तुमचा स्टायपेंड त्या फटीत येतो का, हे विचारा. उत्तर "काहीतरी करू" असेल तर फट आहे असं समजा.

फेलोशिप तुमच्या नावावर असेल तर परिस्थिती बरी. तरीही ती आपोआप हलत नाही. देणाऱ्याची पूर्वपरवानगी, बहुधा दोन्ही संस्थांची संमती, नव्या गाईड-संस्थेची पत्रं हवीत. आधी हलून नंतर कळवलं तर मधल्या महिन्यांचे पैसे अडकतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गाईडची वाटाघाट करण्याची ताकद नव्या विद्यापीठाच्या नेमणूकपत्रावर सही करेपर्यंत असते. त्यानंतर ती शून्याजवळ जाते. सोबत येणाऱ्या विद्यार्थ्यांचा प्रवेश, किती वर्षांची फी माफ, किती वर्षांचा स्टायपेंड, सामान हलवण्याचा खर्च, क्रेडिट मान्यता, हे सगळं त्या पत्रात किंवा त्याच्या जोडपत्रात घालून घेता येतं, आणि नवी संस्था अशा वेळी ते देतेही. त्यामुळे गाईडनी विषय काढला की पहिला प्रश्न "सही झाली का?" हा. झाली नसेल तर तुमच्या गरजा एका पानावर लिहून त्याच आठवड्यात द्या. विद्यार्थी संकोचतात, "सरांना/मॅडमना कसं सांगायचं". पण त्यांनाही ही यादी लागतेच, फक्त मागायचं सुचत नाही.

---

काठावरची

@तिसरी_दुरुस्ती, सहीच्या आधी गाईड विश्वासात घेऊन सांगतात तेव्हा "कुणाला बोलू नकोस" हेही सांगतात. मग विभागाकडून नियम कसे काढायचे?

---

तिसरी_दुरुस्ती

हँडबुक वाचायला कुणाची परवानगी लागत नाही. "गाईड संस्था सोडून गेल्यास" असा परिच्छेद बहुतेक ठिकाणी असतो. बाहेरच्या सदस्याला कमिटीचं अध्यक्षपद मिळतं का, संस्था सोडलेल्या प्राध्यापकाला किती काळ सह-मार्गदर्शक राहता येतं, बाहेरगावी राहून नोंदणी चालते का, हे तिथे मिळेल. उरलेलं कोऑर्डिनेटरला नाव न घेता विचारता येतं.

---

खर्डा

इथे थोडा मतभेद नोंदवतो. नाव न घेता विचारलं तरी छोट्या विभागात पाच मिनिटांत कळतं. मला वाटतं गाईडनाच स्पष्ट विचारावं: "अमुक तारखेनंतर मला विभागाशी बोलावं लागेल, चालेल ना?" गुप्तता त्यांची गरज आहे, पण तिची मुदत अनंत असू शकत नाही. नोंदणी, व्हिसा, घर यांच्या तारखा तुमच्या आहेत. माझ्या मते जाण्याआधी सहा महिने ही शेवटची रेषा. काही विभाग गाईड गेल्यावर विद्यार्थ्याचा एखाद-दोन सत्रांचा खर्च उचलतात, पण त्या वर्षाचं बजेट ठरायच्या आधी कळलं तरच.

---

तिसरी_दुरुस्ती

मान्य. "मला इतक्या तारखेपर्यंत थांबता येईल" हे वाक्य माझ्या पहिल्या प्रतिसादात हवं होतं.

---

ओलांडा

देशागणिक फरक थोडक्यात. परदेशात शिकणाऱ्यांनी हे आधी बघावं, कारण बाकी सगळं जुळूनही व्हिसावर गाडी अडते.

अमेरिका, एफ-१ (विद्यार्थी व्हिसा): सेव्हिस नोंद (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी यादीतली) जुन्या संस्थेकडून नव्या संस्थेकडे सोडावी लागते आणि नवा आय-२० (संस्था देते तो पात्रतेचा दाखला) घ्यावा लागतो. सोडण्याची तारीख तुम्ही आणि जुनं आंतरराष्ट्रीय कार्यालय मिळून ठरवता. त्या तारखेनंतर जुन्या कॅम्पसवरचं काम, म्हणजे तुमचं असिस्टंटशिपचं पगारी कामही, थांबतं. दोन कार्यक्रमांमधलं अंतर पाच महिन्यांपेक्षा जास्त होऊ द्यायचं नाही. मोठी चूक होते ती ही की तारीख लवकरची टाकली जाते आणि शेवटच्या पगाराचे दोन आठवडे हातचे जातात. तिसऱ्या पर्यायात, म्हणजे नोंदणी जुनी आणि काम दुसऱ्या शहरात, नोंदणी कशी दाखवायची हे त्या कार्यालयाकडून लेखी घ्या.

ब्रिटन: स्टुडंट व्हिसा प्रायोजक विद्यापीठाशी बांधलेला. विद्यापीठ बदललं की नवीन कॅस (विद्यापीठाचं प्रवेश-पुष्टीपत्र) आणि व्हिसाचा नवीन अर्ज.

जर्मनी: पीएचडीसाठी फॅकल्टीने केलेला स्वीकार आणि पगाराचा करार हे दोन वेगळे कागद आहेत. करार संपला किंवा दुसरीकडे झाला तरी स्वीकार टिकू शकतो. गेलेले प्राध्यापक किती काळ मार्गदर्शक आणि परीक्षक राहू शकतात हे त्या फॅकल्टीच्या पीएचडी नियमावलीत असतं; ती डाउनलोड करून तोच परिच्छेद शोधा.

भारत: यूजीसीची २०२२ची नियमावली. मुदत किमान ३ वर्षं, कमाल ६, पुनर्नोंदणीने आणखी २; महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर २ वर्षांची सवलत. नवे स्थानिक गाईड शोधताना त्यांचा कोटा बघा: प्रोफेसरकडे एका वेळी ८, असोसिएटकडे ६, असिस्टंटकडे ४ विद्यार्थी. "हो" म्हणालेल्या गाईडकडे जागाच नाही, हे नंतर कळतं. विवाहामुळे किंवा अन्य कारणाने स्थलांतर करणाऱ्या महिला संशोधकाला संशोधनाचा डेटा नव्या संस्थेत नेता येतो, अशी तरतूद त्यात आहे. पण ते काम मूळ संस्थेला किंवा गाईडला मंजूर झालेल्या निधीच्या प्रकल्पातलं नसेल तरच, आणि मूळ संस्था व गाईड यांना श्रेय देऊन. बाकीच्यांसाठी आपापल्या विद्यापीठाचा अध्यादेश.

---

परिशिष्ट

@ओलांडा, आभार, कोट्याचा मुद्दा डोक्यातच नव्हता.

राहण्याचा निर्णय घेतला तर स्थानिक गाईड कसा निवडायचा? नावापुरता चालतो का?

---

संदर्भसूची

नावापुरता चालतो, अडचण येईपर्यंत. अडचण आली की सही त्याची लागते. सिनॉप्सिसवर (प्रबंधाच्या सारांशावर), मुदतवाढीच्या अर्जावर, परीक्षकांच्या यादीवर. म्हणून विषयातला तज्ज्ञ मिळाला नाही तरी हरकत नाही, पण विभागात वजन असलेला, सुट्टीवर किंवा निवृत्तीच्या उंबरठ्यावर नसलेला आणि ईमेलला उत्तर देणारा हवा. कमिटीत आधीपासून असलेला सदस्य सगळ्यात बरा; त्याला प्रबंधाची रूपरेषा माहीत असते.

त्याला भेटायला जाताना "माझे गाईड व्हाल का" असं मोघम नको. "महिन्याला एक भेट, तीन सह्या, एक मसुदा वाचन, पैसे अमुक ठिकाणाहून" असं सांगा. काम मोजून दिलं की लोक हो म्हणतात.

---

उणे_ऐंशी

राहणाऱ्यांसाठी एक साधी, व्यवहाराची गोष्ट: बसायची जागा आणि फ्रीझरचा कप्पा. गाईड गेल्यावर ती खोली विभाग काही आठवड्यांत दुसऱ्याला देतो. तुमचे नमुने, रसायनं, खुर्ची कुठे जाणार हे विभागप्रमुखांच्या ईमेलमध्ये हवं. लेबल नसलेला डबा साफसफाईत सगळ्यात आधी जातो. रसायनांची यादी करून नकोशी विल्हेवाटीला द्या, नाहीतर खोली रिकामी करायला अखेरीस लॅबमधला उरलेला एकटा माणूस लागतो. म्हणजे तुम्ही.

---

काठावरची

सोबत जाणाऱ्यांनाही हेच होतं. नवी लॅब उभी करायला हात हवेत, आणि सगळ्यात अनुभवी हात सोबत आलेल्या विद्यार्थ्याचे. खरेदीची पत्रकं, सुरक्षेची प्रशिक्षणं, नव्या मुलांना शिकवणं. प्रबंधात यातली एक ओळही येत नाही. आधीच ठरवावं: लॅब उभारणीसाठी पहिले किती महिने, आठवड्याला किती तास.

गाईडचा वेळही धरा. नव्या जागी पहिल्या वर्षी त्यांचे नवे अभ्यासक्रम, नव्या समित्या, नव्या ग्रँटचे अर्ज. सोबत गेलात म्हणजे जास्त भेटतील असं नाही. कधीकधी दुरूनची ठरलेली साप्ताहिक भेट जास्त भरवशाची असते.

---

खर्डा

+१. यासाठीच एक-पानी समझोता. गाईड, तुम्ही आणि कमिटीतला एक सदस्य, तिघांच्या ईमेलमध्ये असला तरी पुरे; वकिली भाषा नको. त्यात काय असावं:

प्रबंधाची व्याप्ती. म्हणजे इतकी प्रकरणं, प्रत्येकात काय, आणि "इतकं झालं की पुरेसं". ही ओळ सगळ्यात किमती. गाईड नव्या जागी नव्या कल्पना घेऊन उभे राहतात आणि प्रबंध वाढत जातो. तेव्हा ही ओळ दाखवायची.

भेट किती दिवसांनी, मसुदा दिल्यावर किती दिवसांत शेरे. दोन-तीन आठवडे वाजवी.

पैसे: कोणत्या खात्यातून, कोणत्या तारखेपर्यंत, संपल्यावर काय.

कुठला प्रकल्प कुणाचा. काही विद्यार्थी जाणार, काही राहणार असतील तर सामायिक डेटा, प्लास्मिड (प्रयोगात वापरायची डीएनएची छोटी वर्तुळं), कोड यांची वाटणी आणि होऊ घातलेल्या पेपरमधला लेखकांचा क्रम. गाईड जायच्या आधी हे तासाभरात मिटतं. गेल्यावर याच गोष्टीवरून वर्षभराची धुसफूस.

शिफारसपत्रं कोण देणार, आणि गाईडनी पुन्हा नोकरी बदलली किंवा उद्योगात गेले तर पर्यायी सही कुणाची.

गाईड ही कल्पनाच टाळू लागले तर तेही उत्तरच आहे. सोबत जाण्याचा विचार तिथे थांबवावा असं माझं स्पष्ट मत.

---

उंबरठा

लॅब नोटबुक आणि डेटाच्या प्रती? त्या तर आपल्याच ना?

---

संदर्भसूची

मूळ प्रती बहुतेक ठिकाणी संस्थेच्या. तुमच्या हाती प्रत असू शकते, पण गाईड आणि विभागाच्या लेखी संमतीने. गाईडसुद्धा डेटा नेताना संस्थेची परवानगी घेतात, निदान घ्यायला हवी. जैविक नमुने, पेशी, प्लास्मिड यांच्यासाठी दोन संस्थांमध्ये एमटीए (साहित्य-हस्तांतरण करार) लागतो. तो दोन्हीकडच्या विधी विभागांतून फिरतो, म्हणून आधी सुरू करा. पेटंटसाठी काही कळवलेलं असेल तर तंत्रज्ञान-हस्तांतरण कार्यालयाला तुमचा नवा पत्ता द्या.

दोन साध्या गोष्टी. विद्यापीठाचा ईमेल बंद होतो, म्हणून ओआरसीआयडी (संशोधकाचा कायमचा ओळखक्रमांक), जर्नलची खाती आणि कोडचं भांडार आधीच खासगी ईमेलवर आणा. जर्नलकडून येणारे शेरे बंद पडलेल्या पत्त्यावर गेले तर दुरुस्तीची मुदत नकळत संपते. आणि क्लस्टरवरचा डेटा उतरवायला आठवडे लागू शकतात. खातं बंद होण्याच्या आदल्या रात्री सुरुवात करू नका. उतरवल्यावर चेकसम (प्रत हुबेहूब उतरली का ते दाखवणारा आकडा) ताडून पाहा.

---

परिशिष्ट

म्हणजे आपल्या काल्पनिक विद्यार्थ्याने काय करावं? त्याच्याकडे आठ महिने आहेत आणि काम साधारण दोन वर्षांचं.

---

खर्डा

मी असा क्रम लावीन. पहिल्या आठवड्यात सही झाली का ते विचारायचं आणि गरजांचं पान द्यायचं. पहिल्या महिन्यात नव्या विभागाकडून ते चार मुद्द्यांचं पत्र मागायचं, आणि समांतर जुन्या जागी स्थानिक गाईड म्हणून कोण तयार आहे ते पाहायचं. दोन्ही दारं उघडी. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात कमिटीची बैठक, व्याप्ती ठरवून तिचं इतिवृत्त फाइलमध्ये. मग सहाव्या महिन्यापर्यंत जुन्या यंत्रावरचा दुसऱ्या पेपरचा डेटा पूर्ण करायचा.

तोवर पत्र आलं असेल, क्वालिफायर माफ असेल आणि दोन वर्षांच्या पैशांचा उल्लेख असेल, तर जावं. पत्र नसेल तर नोंदणी जुन्या जागी ठेवून व्हिजिटिंग म्हणून जावं. पैशाचा उल्लेखच नसेल तर राहावं, गाईड कितीही चांगले असले तरी.

---

उणे_ऐंशी

उंदीर असतील तर राहावं. 🙂

---

काठावरची

दुरुस्ती: पैशाचा उल्लेख नसला तरी स्वतःची फेलोशिप असेल आणि ती हलवायची लेखी परवानगी हातात असेल, तर जाता येईल. पण ती किती महिन्यांची उरली ते बघून. विम्याची फटही तपासावी. जुना विमा सत्रासोबत संपतो, नवा पुढच्या सत्राला सुरू होतो, मध्ये उन्हाळा कोरडा.

---

उंबरठा

शेवटचा बारीक प्रश्न. जुन्या जागी केलेलं काम नव्या जागी असताना छापून आलं तर पेपरवर कुठल्या विद्यापीठाचं नाव?

---

संदर्भसूची

काम जिथे झालं त्याचं. नवा पत्ता तळटीपेत "सध्याचा पत्ता" म्हणून. काम दोन्हीकडे झालं असेल तर दोन्ही नावं, आणि आभारात दोन्ही ग्रँटचे क्रमांक. जुन्या ग्रँटचा क्रमांक विसरू नका, तिचा अहवाल अजून द्यायचा बाकी असतो.